मंगळवार ते गुरुवार

आबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात हे मला त्याच दिवशी कळलं होतं. साताऱ्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही मला म्हणालात, "मंगळवारी जीप मिळाली न्हाई, बाई," आणि हे सांगताना तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघता कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे बघत होता. त्याआधी दहाच मिनिटं डॉक्टर मला म्हणाले होते की पोरीला दोन दिवस आधी आणायला हवं होतं. ताप चढला आणि अंगावर गोवर उठला तो मंगळवारी. तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी, मी पोचायच्या तासभर आधी, ती गेली. पाच वर्षं आणि दोन महिन्यांची होती. मधले दोन दिवस कुणामुळे वाया गेले, एवढाच माझा प्रश्न होता आणि तीस वर्षं मी तो घेऊन फिरते आहे. तुम्हाला जाऊनसुद्धा आता वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण समोर बसवून विचारलं तेव्हाही तुम्ही मला धड उत्तर दिलं नव्हतंत, म्हणून आता कागदावर विचारते.

माझा स्वभाव तुम्हाला काही नवा नाही. लहानपणी तुम्ही फौजेतून सुट्टीवर यायचा, ट्रंकेतून बिस्किटांचे पुडे काढायचा, आणि मी म्हणे पुडा फोडायच्या आधी हलवून बघायची, आत बिस्किटं आहेत का नुसतीच भुकटी. नोकरीही मला अशी मिळाली की या स्वभावाला खतपाणीच मिळालं. आधी दहिवडीच्या आणि मग सांगलीच्या दूध शीतकरण केंद्रावर मी बत्तीस वर्षं दूध तपासलं. कॅन आला की झाकण उचलायचं, नाकाशी धरायचं, आंबूस वास आला की कॅन बाजूला. मग लॅक्टोमीटर सोडायचा, पाणी घातलंय का बघायचं, पाण्याची चोरी लपवायला साखर किंवा मीठ टाकलंय का बघायचं. गावोगावचे लोक हात जोडून उभे राहायचे, "बाई, म्हशीच्या पायाची आण, थेंब न्हाई घातला पाण्याचा." शपथ जितकी मोठी तितकं पाणी जास्त, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकले. आता निवृत्त झाले तरी खोड जात नाही. घरी कुणी सहज म्हणून आलं, तर हा सहज कशाला आला असेल, याचा विचार मी चहा उकळेपर्यंत करते.

पोरीला तुमच्याकडे ठेवायचं ठरलं तेव्हाही मी संशय घेतलाच होता. तुमचे जावई सरहद्दीवर, माझी पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची, आई जाऊन चार वर्षं झालेली. तुम्ही रिटायर होऊन गावात एकटे, आणि शेजारी भिंतीला भिंत लागून काकी. दीड वर्षाच्या लेकराला शेजारणीवर टाकून कामाला जाणं मला जमत नव्हतं. तुम्ही सांगलीला आलात, तिला खांद्यावर घेतलंत आणि म्हणालात, "म्या आख्खी सेक्शन सांभाळलीया. ह्यो एक जवान काय अवघड हाय मला?" मी तुम्हाला चार पानी सूचना लिहून दिल्या होत्या. तुम्ही त्या घडी घालून खिशात ठेवल्यात. पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा तो सदरा धुतलेला होता आणि चार पानांचा खिशातच लगदा झाला होता. वाचलं का म्हणून विचारलं तर म्हणालात, "पाठ हाय सगळं." मी त्यावरही विश्वास ठेवला नाही.

दर शनिवारी दुपारी मी सांगलीहून पॅसेंजर धरायची आणि रहिमतपूरला उतरायची. तिथून आपल्या गावापर्यंत वडापची जीप. दारात पाऊल टाकलं की आधी तिला उचलायची नाही मी, आधी तपासायची. कानामागे मळ आहे का, नखं कापलीत का, पोट टम्म का दिसतंय. तुम्ही बाजूला उभे राहून बघायचा, इन्स्पेक्शनला उभे असल्यासारखे ताठ. आणि ती माझ्या हातातून निसटून तुमच्या धोतरामागे जायची. तिला तुम्ही नावानं कधी हाक मारलीच नाहीत. "मेजरसाब" म्हणायचा. स्वतः हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस रोज सकाळी अंगणात दोन फुटी मेजरला सॅल्यूट ठोकायचा. ती चड्डीवर, पायात काही नाही, हातात अर्धी भाकरी, आणि तोंडानं, "दाहिने मूड!" तुम्ही खरंच दाहिने वळायचा. एकदा ती "थम" म्हणायची विसरली आणि मांजरामागे पळाली, तर तुम्ही गोठ्याच्या भिंतीला नाक लागेपर्यंत चालत गेलात. काकी हसून हसून खाली बसली होती. हे मला तिनंच सांगितलं. मी त्या वेळी सांगलीत कुणाच्या तरी दुधात पाणी शोधत होते.

तिच्या वेण्या तुम्हीच घालायचा. रिबिनी गुळगुळीत असतात, सुटतात, म्हणून तुमच्या जुन्या बुटांच्या काळ्या नाड्या तुम्ही तिच्या वेण्यांना बांधायचा आणि गाठ अशी मारायचा की मला ती सोडवायला दात लावावे लागायचे. बालवाडीत दुसऱ्या पोरींनी चिडवलं तर तिनं सांगितलं होतं की ह्या नाड्या लढाईवर जाऊन आलेल्या आहेत. तिला प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची सवय होती. ताटली, दगड, चप्पल, झोपलेली कोंबडी. खाली काय आहे, हे बघितल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. हे गुण माझ्याकडून आले, असं तुम्ही म्हणायचा आणि मला त्याचा आतून फार अभिमान वाटायचा.

माझ्यावरही तिचा विश्वास नव्हता. रविवारी संध्याकाळी मी निघायची, तर दुपारपासूनच ती माझी पिशवी धरून बसायची. "मी पुढच्या शनिवारी येणार," असं मी म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे रोखून बघायची आणि विचारायची, "खरं?" खरं म्हटलं की पुन्हा, "खरं खरं?" मग गळ्याची शपथ, मग आईची शपथ, मग तिला सुचेल त्याची. एकदा तिनं माझी एक चप्पल लपवली. एकच. दोन लपवल्या तर मी अनवाणी जाईन, पण एकीनं मला चालता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. आपण दोघांनी सगळं घर शोधलं. पॅसेंजरची वेळ झाली तेव्हा मी काकीच्या चपला घालून निघाले, त्या मला दीड बोट मोठ्या, आणि सांगलीपर्यंत मी पाय घासत आले. चप्पल चार दिवसांनी ज्वारीच्या कणगीत सापडली. तुम्ही तिला रागावला नाहीत. म्हणालात, "जवानानं डोकं लावलं, त्येला काय शिक्षा करायची?" मी मात्र पुढच्या शनिवारी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. हलकाच. पण घातला होता.

आणि त्या डेअरीतल्या प्रकाराची आठवण आली की अजून एकटीच हसते मी. तिच्या चौथ्या वाढदिवसाला मी तिला केंद्रावरची एक जुनी काचेची नळी आणून दिली होती, तळाला चीर गेलेली, कामातून गेलेली. ती नळी घेऊन ती घरोघर चहा तपासत हिंडायची. नळी कपात बुडवायची, डोळ्यासमोर धरायची, आणि गंभीरपणे सांगायची, "पाणी हाय." चहात पाणी असणारच, कोण काय बोलणार? पण एका सकाळी तुम्ही तिला गावातल्या दूध डेअरीत घेऊन गेलात. रांगेत काकी किटली घेऊन उभी होती. पोरीनं नळी किटलीत घातली, वर धरली, आणि भर रांगेत ओरडली, "काकीनं पाणी घातलंय! म्या बघितलंय, हंड्यातनं घातलंय!" काकीचा चेहरा पडला तो पडला. पंधरा दिवस ती आपल्या अंगणात आली नाही. शेवटी पोरगीच तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "काकी, ये की गं घरला. आता न्हाई सांगणार कुणाला." काकीनं तिला मांडीवर घेतलं आणि रडली. त्या दिवसापासून काकीनं दुधात पाणी घालणं सोडलं म्हणतात, आणि माझा त्यावरही विश्वास नाही.

मी तुम्हाला काय काय बोलले, हेही लिहायला हवं. म्हशीची धार काढता काढता तुम्ही तिच्या तोंडात सरळ चिळकांडी सोडायचा आणि ती मिशा पांढऱ्या करून नाचायची. एकदा मी ते बघितलं आणि अंगणभर आरडाओरडा केला. कच्च्या दुधात काय काय असतं, याची यादी म्हणून दाखवली. "तुम्हाला काही कळतं का? लेकराला मारायचंय का?" असं मी म्हणाले. शेजारीपाजारी ऐकत होते. तुम्ही बादली खाली ठेवलीत, तिचं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "तू शिकल्याली हाईस. तू म्हणशील तसं." त्यानंतर तुम्ही तिला उकळल्याशिवाय दूध दिलं नाहीत. तिची गोवराची लस राहून गेली, त्याचाही दोष मी आधी त्या भागातल्या नर्सबाईंना दिला, कार्डावर शिक्का मारून टोचलं नसेल म्हणून. नंतर कार्ड काढून पाहिलं तर त्या रकान्यात शिक्काच नव्हता. लसीच्या त्या महिन्यात माझी दहिवडीहून सांगलीला बदली झाली होती.

तो शुक्रवार. केंद्रावर सकाळी निरोप येतो, मी एसटीनं साताऱ्याला पोचते, तुम्ही व्हरांड्यात उभे आहात. तुमच्या हातात तिचा फ्रॉक आहे, नीट घडी घातलेला. नंतर गावी आल्यावर मी घराच्या दारातच थबकते, कारण चौकटीला कडुलिंबाचे डहाळे खोचलेले आहेत. चुलीपाशी जाते तर तव्याला तेलाचं बोट लागलेलं नाही, तीन दिवसांत घरात फोडणी पडलेली नाही. देव्हाऱ्याशेजारी दहीभाताचा नैवेद्य वाळून गेला आहे. आपल्याकडे गोवर आला की बाई, म्हणजे देवी, आली म्हणतात, सुई टोचायची नाही, टोचली तर गोवर आत जातो आणि जिवावर उठतो, हे मला काय माहीत नव्हतं? मी सगळं जुळवलं. काकीनं बाई आली म्हटलं असेल, तुम्ही मान डोलावली असेल, आणि माझी पोर दोन दिवस लिंबाच्या पाल्यावर ठेवली असेल. महिन्याभरानं मी जीपवाल्याला रहिमतपूरच्या स्टँडवर गाठलं. तो म्हणाला, "ताई, मंगळवारी जीप तुमच्याच दारात हुबी व्हती की. आबांनीच परत लावून दिली." मी तशीच घरी आले. तुम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. "जीप होती," मी म्हणाले. तुम्ही फोडायचं थांबलात. "का परत पाठवलीत?" तुम्ही एक शेंग फोडलीत, दाणे पुन्हा टरफलांतच टाकलेत. गुन्हा कबूल झाला असं मी धरून चालले.

त्यानंतर दहा वर्षं तुम्ही जगलात आणि मी तुम्हाला दहा वर्षं शिक्षा दिली. दिवाळीला यायची, तीही एक दिवस. मुलगा झाला, पण त्याला मी तुमच्याकडे तासभरही एकटा सोडला नाही. तुम्ही त्याला हात लावलात तो माझ्या डोळ्यांसमोर. तो चार वर्षांचा असताना अंगणात तुमच्यापुढे उभा राहिला, आणि तुमचा हात आपोआप कपाळाकडे गेला. मी "चल रे आत" म्हणाले. तुम्ही तोच हात कपाळावरून फिरवलात, घाम पुसल्यासारखा. जानेवारीचा महिना होता, आबा. घाम कुठला?

गेल्या आठवड्यात मी गावी गेले होते. काकी आता पंच्याऐंशीची आहे, एका डोळ्यानं दिसत नाही, पण जीभ जागेवर आहे. अंगणवाडीत लसीकरण होतं आणि तिच्या पणतवाला गोवराची सुई टोचून आणली होती. ते रडत होतं आणि काकी त्याची मांडी चोळत म्हणाली, "बया, आता कसं पटदिशी टोचत्यात. तवा सुई म्हणलं की आमचा जीव उडायचा." मी संधी सोडली नाही. म्हणाले, "म्हणूनच तर आमची पोर नेली नाही तुम्ही." काकीनं मान वर केली. "म्या न्हाई गं. लिंब म्या लावला, निवद म्या दावला, खोटं कशाला बोलू. पर भावजींनी तर मंगळवारीच जीप बोलवली व्हती. पोरगी वाकळंत गुंडाळून मांडीवर घेतली व्हती. मला म्हणलं, बाई-बिई काय न्हाई, आमच्या फौजेत ह्येला डाक्टर बघतो. मग डेअरीत तुझा फोन आला, ते गेलं, आन् आलं ते गप. जीप लावून दिली. म्या इचारलं, का वं भावजी? तर म्हणलं, लेक म्हणतीया सुई टोचू नका. ती शिकल्याली हाय, तिला म्हाईत." काकीनं पोराची मांडी पुन्हा चोळली. "तुला ठावंच हाय की ह्ये. तुझाच तर फोन व्हता."

मी घरी आले आणि हे पत्र सुरू केलं. सुरुवातीला काय लिहिलं ते वर तसंच आहे, खोडलेलं नाही. तुम्हीच खोटं बोललात असं लिहिलंय. खोटं तर बोललातच.

पण काकीनं मला नवं काही सांगितलं नाही, आबा. फोन मला आठवतो. दुधाचा हंगाम होता, केंद्रावर कॅनच्या रांगा रस्त्यापर्यंत गेलेल्या, साहेबांनी सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या. मी डेअरीत, गावातल्या त्या एकाच फोनवर, दोन वेळा फोन लावला, तिसऱ्यांदा तुम्ही आलात. तुम्ही म्हणालात, "अंगावर उठलंय, ताप लय हाय, साताऱ्याला नेतो." आणि माझ्या तोंडातून आईचं वाक्य बाहेर पडलं. मला गोवर आला होता तेव्हा आई जे म्हणाली होती, तेच. "सुई टोचू देऊ नका आबा, आत जाईल. पुरतं उठू द्या. मी शनिवारी येते, मग बघू." कच्च्या दुधावर तुम्हाला भाषण देणारी मी. आता वाटतं, सुईची भीती हे निम्मंच कारण असेल. दवाखान्यात नेलंत तर मला त्याच दिवशी निघावं लागलं असतं, आणि नुसता गोवर असेल तर शनिवारपर्यंत थांबता येत होतं. मला थांबायचं होतं. गुरुवारी तिला धाप लागली तेव्हा तुम्ही मला न विचारता नेलंत. एवढा एकच हुकूम तुम्ही माझा मोडलात आणि तो दोन दिवस उशिरा मोडलात.

व्हरांड्यात तुम्ही जीपचं खोटं बोललात तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते आणि मला ते खोटं आहे हे कळलं होतं, कारण खरं काय ते मला माहीत होतं. जीपवाल्याला मी गाठलं ते सत्य शोधायला नाही. तुम्ही कुठं बोलला तर नाही ना, हे बघायला. लिंबाचे डहाळे दिसले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. संशय घ्यायला कुणीतरी मिळालं होतं. बत्तीस वर्षं मी लोकांच्या शपथा झाकण उघडून हुंगल्या, पण स्वतःचं झाकण काही मी उघडलं नाही.

तुमचं जावयांशी कधी बोलणं झालं असतं तरी तुम्ही सांगितलं नसतंत, हे मला ठाऊक होतं. काकीलाही तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही माझी बाजू घेऊन. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्या जावयांना तर नाहीच. ते आता आतल्या खोलीत टीव्ही बघताहेत आणि तिच्या मरणाचा दोष अजून तुम्हालाच देतात. मी त्यांना कधी थांबवलं नाही.

एक राहिलं. तुमच्या शेवटच्या आजारात, जायच्या आदल्या दिवशी दुपारी, मी तुमच्या खाटेशी बसले होते. तुम्हाला बोलताना दम लागत होता. आणि मी, त्या वेळीसुद्धा, पुन्हा विचारलं. "आबा, ते दोन दिवस का थांबलात?" तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत. या वेळी नजर हलवली नाहीत. म्हणालात, "माझंच चुकलं, बाई. म्याच न्हाई नेली. तू नको जिवाला लावून घिऊ." मी तुमचा हात सोडला, पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेले. आणि मला बरं वाटलं होतं, आबा. त्या दुपारी मला खरंच बरं वाटलं होतं.